प्रवेशिका क्रमांक एकेचाळीस

४ मार्च

प्रवेशिका क्रमांक एकेचाळीस,

तुमचं नाव मला माहीत नाही. निकाल लागेपर्यंत ते झाकलेलंच राहील. या स्पर्धेची एक चांगली पद्धत आहे. शेवटच्या फेरीत पोचलेल्या प्रत्येक नव्या लेखक-चित्रकाराला एका परीक्षकानं पानभर सल्ला लिहायचा. तुमची प्रवेशिका माझ्या वाट्याला आली. तीस वर्षं मी कधीच न घडणाऱ्या गोष्टी लिहिते, एवढाच माझा अधिकार. हे पत्र कार्यालयातल्या बाई तुमच्याकडे पाठवतील.

आधी गोष्ट. एका गावातली घरं हवेत तरंगतात, म्हणून प्रत्येक घर दोरानं जमिनीला बांधलेलं. रोज सकाळी एक बाई गावभर हिंडून दोर तपासते. एके दिवशी एक घर जागेवर नसतं, आणि दोर कापलेला असतो तो आतून. इथवर आले आणि माझा चहा गार झाला.

घरं का तरंगतात ते तुम्ही सांगत बसला नाहीत, फार बरं केलंत. नव्या माणसाला वाटतं, आपलं जग वाचकाला पटवून द्यायला हवं. मग वायू, चुंबक, जुना शाप, काय काय येतं. तुम्ही नुसतं लिहिलंत की त्या बाईच्या तळव्यांना घट्टे पडलेत आणि थंडीत ते चिरतात. तेवढ्यानं घरं तरंगायला लागली. पुढेही एवढंच विचारत जा : या जगात सकाळी उठून कामाला कोण जातं, आणि त्याचं काय दुखतं?

आता दोष. चौदाव्या पानावर घर परत येतं. तेरा पानं तुम्ही धीटपणे चाललात आणि शेवटी घाबरलात. आतून दोर कापणारं माणूस असं संध्याकाळच्या जेवणाला परत येत नाही. हा शेवट खोटा आहे.

चित्रं सात आहेत. ती तुमचीच की आणखी कोणाची, ते अर्जावर झाकलेलं आहे. गोष्टीत लिहिलेलं ती पुन्हा सांगत नाहीत, यापेक्षा मोठं कौतुक मला करता येणार नाही. तिसऱ्या चित्रात तारेवर वाळत घातलेले कपडे वरच्या दिशेला लोंबतात. एका परीक्षकांनी विचारलं, "ही चूक आहे का?" मी म्हटलं, "हेच तर चित्र आहे."

एकच शंका. मी मोजली, सात चित्रांत तेवीस माणसं आहेत आणि हात एकाचाही दिसत नाही. खिशात, पाठीमागे, टोपलीखाली. ही सवय तुम्हाला कुठे लागली? नियमात बसत असेल तर कळवा.

परीक्षक

१९ मार्च

शाई,

मागच्या पत्रात मी नाटक केलं. पाकिटातून पहिलं चित्र बाहेर आलं तेव्हाच मी ओळखलं होतं. बाकीचे परीक्षक बोलत होते आणि मी चष्मा पुसत बसले होते. पुसून पुसून काच झिजली असेल.

आठ वर्षांची असताना तुला हात काढता येत नव्हते, म्हणून तू सगळ्यांना खिसे द्यायचीस. आई म्हणायची, "तुझ्या चित्रातली माणसं खिसेकापू आहेत का गं? हात कुठे गेले त्यांचे?" पुढे तू हातही उत्तम काढायला लागलीस, पण खिसे सोडले नाहीस. लॉन्ड्रीच्या वरची आपली खोली, खालून येणारी वाफ, दमट कागदावर फुटणारी तुझी रेघ. बोटांवर, फ्रॉकवर, उशीवर डाग, म्हणून तू शाई. मी ताई. आई दोघींना एकदम हाक मारायची तेव्हा शेजाऱ्यांना वाटायचं, एकीलाच दोनदा बोलावतेय.

चौदा वर्षं झाली. शेवटी फोनवर तू जे एक वाक्य बोललीस ते मला पाठ आहे; इथे लिहीत नाही. कोण किती चुकलं हा हिशेब या वयात कशाला. झालं ते झालं.

शेवट खोटा आहे असं मी लिहिलं, ते मागे घेते. मला तो वाचवेना, एवढंच खरं. घर परत येतं. हे तू मलाच कळवते आहेस ना? मी ते पान इतक्यांदा वाचलंय की त्याची घडी फाटायला आलीय.

आणि बावन्नाव्या वर्षी नवोदितांच्या स्पर्धेत! शाबास. अर्जावर वयाची अट नाही, मी मुद्दाम पाहिलं. पंचविशीतली मुलं चटकन लिहितात, चटकन काढतात, आणि घाई दिसते. तुझ्या दोरांचा पीळ बघून कळतं की हा हात कुठेतरी वर्षानुवर्षं थांबून शिकलाय.

हे पाकीट कार्यालयातल्या बाईंना दिलं तर म्हणाल्या, "परीक्षकांनी दुसरं पत्र लिहायची पद्धत नाही." मी म्हटलं, "पहिल्याची पुरवणी समजा." माझ्याकडे बघत राहिल्या, पण घेतलं.

तू ये. नाहीतर मी येते. नुसतं हो म्हण.

ताई

६ एप्रिल

मुली,

तुझं पत्र मिळालं. उत्तर लिहायला इतके दिवस लागले कारण तुला काय म्हणून हाक मारावी तेच ठरेना.

तू लिहिलंस ते मी पुन्हा इथे उतरवून काढते, कारण त्याशिवाय ते मला खरं वाटत नाही. "शाई म्हणजे माझी आई असावी. ती मागच्या सप्टेंबरात, अकरा तारखेला गेली. चित्रं तिची, गोष्ट माझी. मी पाच वर्षांची असताना तुमचं येणं बंद झालं, त्यामुळे मला मावशी आहे हे ठाऊक होतं. तुम्ही लिहिता हेही. आमच्या घरात तुमचं एकही पुस्तक नाही."

सप्टेंबरात त्या तारखेला मी काय करत होते ते बघायला डायरी काढली. एका शाळेत गेले होते, 'कल्पनाशक्ती कशी वाढवावी' यावर बोलायला. मुलांनी खूप टाळ्या वाजवल्या, असंही मीच लिहून ठेवलंय.

कोणी कळवलं नाही याबद्दल तक्रार नाही. कळवण्यासारखं मी काही ठेवलं नव्हतं.

तू म्हणतेस, ती नकाशा कार्यालयात नकाशे गिरवायची एवढंच तुला माहीत. ती गेल्यावर कपाटात, थंडीच्या पांघरुणांखाली, चित्रांचे गठ्ठे सापडले. त्यातली तरंगत्या घरांची सात तू निवडलीस आणि त्यांच्याभोवती गोष्ट लिहिलीस. एकोणीस वर्षांच्या मुलीनं आईची चित्रं जमिनीवर मांडून, त्यांत काय चाललंय ते शोधत बसायचं. चौदाव्या पानावर घर का परत आलं ते आता मला कळलं. त्या पानाला मी खोटं म्हटलं. मला माफ कर.

तरी लिहिणारीला लिहिणारीनं सांगायला हवं ते सांगते. आज ते पान बदलू नकोस. ज्या दिवशी घर परत न आणता तुला गोष्ट संपवता येईल, त्या दिवशी बदल. तो दिवस दहा वर्षांनी आला तरी चालेल. गोष्ट थांबते, तिला कुठे जायचं नसतं.

स्पर्धेच्या समितीला मी सगळं सांगितलं आणि परीक्षकपद सोडलं. बाकीचे तिघे निर्णय देतील. मोकळेपणानं त्यांना ठरवू दे.

आता तुझा प्रश्न. इतकं चांगलं काढणारी बाई चित्रं लपवून का ठेवायची? तिनं ते काम का सोडलं? माझ्या पहिल्या पुस्तकासाठी चित्रं तिनंच काढली होती. ती तेवीस वर्षांची होती. संपादकांना ती पसंत पडली नाहीत. फार उदास आहेत, म्हणाले, आणि दुसरा चित्रकार घेतला. ती खचली आणि नकाशा कार्यालयात नोकरीला लागली. मी तिच्या बाजूनं आणखी भांडायला हवं होतं. कमी पडले.

तू लिहीत राहा. आई गेल्यावर सहा महिन्यांच्या आत एक पूर्ण गोष्ट लिहून संपवणं म्हणजे काय, हे मला कळतं. पुष्कळ हुशार लोक जन्मभर सुरुवातीच लिहितात.

मावशी

१७ एप्रिल

मुली,

तुझं कार्ड काल आलं. "ते संपादक हयात आहेत का? असतील तर पत्ता द्या. आईची सातही चित्रं त्यांना पाठवणार आहे. बघू दे त्यांना, काय नाकारलं ते."

हयात आहेत. शहाऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. मी त्यांचा पत्ता एका कागदावर लिहिला, पाकिटात घातला, तिकीट लावलं. मग पाकीट फाडलं. त्यांना चित्रं बघताना मी बघितलंय. तू त्यांना जे पत्र लिहिशील त्याला ते पात्र नाहीत. मी आहे.

आता जे झालं तेच सांगते.

मी एकोणतीस वर्षांची होते. माझ्या सहा गोष्टी आणि शाईची चित्रं घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चित्रं टेबलावर एकेक करून मांडली. मग शेजारच्या खोलीतून मुद्रितं तपासणाऱ्या गृहस्थांना हाक मारली, "अहो, इकडे या, हे बघा!" दोघं वाकून बघत होते. माझ्या गोष्टींबद्दल वीस मिनिटं कोणी अवाक्षर काढलं नाही. नंतर ते म्हणाले, "गोष्टी चांगल्या आहेत. पण या चित्रांना पुरत नाहीत. आपण मजकूर थोडा कमी करू, चित्रं पानभर छापू. पुढच्या वेळी बहिणीला घेऊन या."

मी म्हटलं, "तिला डोळ्यांचा त्रास आहे. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलंय."

हे मी ठरवून गेले नव्हते. तोंडातून आलं, आणि आल्यावर मी ते परत घेतलं नाही. त्यांना खरंच वाईट वाटलं. डोळ्यांची काळजी घ्यायला सांगा, म्हणाले.

घरी आले तर शाई लॉन्ड्रीच्या जिन्यातच उभी होती. "काय म्हणाले?"

"नाही आवडली."

"कोणती?"

"कोणतीच नाही. कच्ची आहेत म्हणाले."

ती रडली वगैरे नाही. वर गेली, टाक आणि निबा धुतल्या, पुसल्या, डब्यात ठेवल्या. "तुझ्या गोष्टी तरी घेतल्या ना?" असं विचारलं. मी हो म्हटलं तर हसली. दुसऱ्या आठवड्यात तिनं नकाशा कार्यालयात अर्ज केला. दुसऱ्या कोणाच्या चित्रांसह माझं पुस्तक निघालं, ते तिनं उशाशी घेऊन वाचलं. पंधरा वर्षं ती मला प्रत्येक पुस्तकाबद्दल पत्र लिहायची.

मग एकदा ते संपादक कसला तरी जुना नकाशा शोधत तिच्या कार्यालयात गेले. तिचं आडनाव ऐकून त्यांनी विचारलं, "तुम्हीच का त्या? आता डोळे कसे आहेत तुमचे?"

त्या संध्याकाळी, चौदा वर्षांपूर्वीच्या पाच जानेवारीला, तिचा फोन आला. "ताई, माझे डोळे उत्तम आहेत." एवढंच बोलली आणि ठेवून दिला. मी परत फोन केला नाही. आधी लाज वाटली म्हणून केला नाही, आणि मग उशीर झाला म्हणून. तुझ्या आईला लिहिलेल्या पत्रातसुद्धा मी 'झालं ते झालं' म्हणून निसटले, आणि ती जिवंत नाही हे कळल्यावर तुला दुसऱ्याचं नाव सांगितलं.

मत्सर वाटतो, मुली. या धंद्यात तो वाटणारच. तो वाटला म्हणून मी वाईट ठरत नाही. मी तिला जिन्यात जे सांगितलं, त्यानं ठरते.

मावशी म्हणायचं की नाही ते तू बघ.

१२ जून
(हे पाठवायचं नाही.)

मुली,

तू दोनच ओळी लिहिल्यास : "चित्रांच्या मागे तारखा आहेत. सगळ्यात जुनी तारीख त्या फोननंतर आठ दिवसांची आहे. आता लिहू नका."

म्हणून लिहीत नाही. टेबलाशी बसून नुसती बोलतेय असं समज.

आठ दिवसांची. म्हणजे माझ्या खोट्यानं ती थांबली आणि खरं कळल्यावर आठवड्याभरात तिनं टाक हातात घेतला. शेवटपर्यंत काढत राहिली आणि कोणाला म्हणून दाखवलं नाही. मी या दोन्हींचा विचार करते. पहिल्यानं बरं वाटतं. दुसऱ्यानं ते बरं वाटणं निघून जातं.

निकालाच्या दिवशी मी सभागृहात होते, शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. तुझ्या गोष्टीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तू मंचावर गेलीस ती चाल अगदी तिची, एक खांदा पुढे. चित्रं स्पर्धेतून काढली होती. गेलेल्या माणसाला नवोदितांत धरता येत नाही म्हणे. पण बाहेरच्या भिंतीवर सातही लावली होती, खाली तिचं पूर्ण नाव. ते कार्यालयातल्या बाईंनी केलं. कोणी सांगितलं नव्हतं.

लोक चहाला गेले तेव्हा मी चित्रांपाशी गेले. तिथे काठी टेकून संपादक उभे होते. त्यांना आमंत्रण असतंच. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अहो, ही तर तीच रेघ! म्हणजे डोळे बरे झाले होते तर."

मी म्हटलं, "डोळ्यांना काही झालंच नव्हतं. मी खोटं बोलले होते."

त्यांना आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचं वय तेव्हा काय होतं?"

"एकोणतीस."

"आणि तिचं?"

"तेवीस."

त्यांनी मान हलवली आणि वळून पुन्हा चित्रं बघायला लागले, पहिल्यापासून. मी तिथे उभी राहिले, ते सातव्यापाशी पोचेपर्यंत. मग निघाले.

पाठवलं असतं तर तुला एक सांगितलं असतं. आपलं लिखाण कोणाला दाखवावं हे नव्या माणसाला कळत नाही, आणि तिथेच बहुतेक घात होतो. सोपी खूण आहे. वाचून झाल्यावर जो तुझ्या गोष्टीत नेमकं काय अडलं ते बोट ठेवून सांगतो, तो ठेव, मग तो तिऱ्हाईत का असेना. जो नुसतं 'जमलं नाही' म्हणतो आणि पुढच्या वाक्यात स्वतःच्या कामाकडे वळतो, त्याच्या घरी पुन्हा जाऊ नकोस. तो तुझा सख्खा असला तरी.

१४ नोव्हेंबर

प्रिय मुली,

जाडजूड पाकीट आलं. आत नवी गोष्ट, आणि तुझी चिठ्ठी : "मावशी म्हणून पाठवत नाही. मागच्या गोष्टीला सगळ्यांनी छान म्हटलं. शेवट खोटा आहे हे फक्त तुम्हाला कळलं होतं. म्हणून पाठवते. ही स्पर्धेसाठी नाही. चित्रं माझी मैत्रीण काढणार आहे. स्तुती नको."

स्तुती करत नाही. कामाचं बोलते.

गावाचा नियम छान आहे. खोटं बोललं की घराचं एक दार नाहीसं होतं. लोक सवयीनं तिकडे जातात आणि भिंतीवर आपटतात. नियम एकच ठेवलास, हे बरोबर. दुसऱ्या पानावर खिडक्यांचाही काहीतरी नियम डोकं वर काढतोय, तो काढून टाक. एका गोष्टीला एक अशक्य गोष्ट पुरते.

जिची दारं एकेक करून जातात ती म्हातारी कोण आहे ते मी ओळखलं. त्याबद्दल तुला अवघडून जायचं कारण नाही. आपण ओळखीच्या माणसांवरूनच लिहितो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी लेखिकेची मावशी होऊ नये.

पान चार. ती एकटी बसून रडते. ते रडणं काढ. तिला रडायला दिलंस की वाचक तिला माफ करून मोकळा होतो, आणि तुझा तसा इरादा दिसत नाही. तिला काम दे. भिंती पुसू दे, जेवण करू दे, एकाच ताटात वाढून घेऊ दे.

पान सहा. 'तिचं मन सुन्न झालं' हे वाक्य कोणाच्याही गोष्टीत बसेल. तुझ्या गोष्टीत नको. त्या आधीचं, सवयीनं ती चपला दाराकडे तोंड करून ठेवते आणि तिथे आता भिंत आहे, ते वाक्य फक्त तूच लिहू शकतेस. अशी आणखी दोन हवीत. घाई करू नकोस, येतील.

पान सात ते नऊ चांगली आहेत. चुकून स्तुती झाली, सोडून दे.

मैत्रिणीबद्दल. तिला गोष्ट वाचायला दे आणि गप्प बस. काय काढायचं ते सांगू नकोस. म्हातारीचा चेहरा तुझ्या मनातला नसेल तरी आवाज चढवू नकोस. गोष्टीत जे नाही ते तिला सापडू दे. आणि तिची चित्रं तुझ्या शब्दांहून सरस निघाली, तर तुला मत्सर वाटेल. वाटू दे. घरी जा, दार लावून घे, उशीत तोंड खुपसून ओरड. पण त्याआधी, तिथेच, चित्रं हातात असताना तिला सांग की तुझी चित्रं माझ्या गोष्टीपेक्षा चांगली आहेत. नेमक्या याच शब्दांत सांग. एवढा एक सल्ला मी अनुभवानं देऊ शकते. बाकी सगळं मी पुस्तकांतून शिकले.

शेवट. दहाव्या पानावर, शेवटचं दार गेल्यावर, म्हातारी भिंतीला कान लावते. पुढच्या दोन पानांत तू बाहेरून कोणालातरी आणलंस. ती व्यक्ती भिंतीवर टकटक करते आणि म्हातारी आतून उत्तर देते. ती दोन पानं मी पुन्हा पुन्हा वाचली, आणि का वाचली ते तुला कळेल. ती काढून टाक. कान लावते तिथेच थांब. पलीकडे कोणी आहे की नाही, हे तिलाही कळू नये.